गोळी दोनच्या रेघेवर

मागच्या रविवारी दुपारी लेकीने शर्यत लावली. नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि श्वास कोण जास्त वेळ रोखतं ते बघायचं. पंच तीच, स्पर्धक तीच आणि घड्याळही तिच्याच हातात. नऊ वर्षांच्या मुलांच्या शर्यती बहुतेक अशाच असतात. पहिल्या फेरीत तिचे ३८ सेकंद झाले. गाल फुगले, डोळे वटारले गेले, मग पोट आतल्या आत हिसके द्यायला लागलं आणि शेवटी फस्सकन तोंड उघडलं. माझे ४९ झाले. त्यावर मोठ्या माणसांचे पंधरा सेकंद कापायचे असा नियम ऐनवेळी निघाला आणि मी हरले. धापा टाकतच तिने विचारलं, "आई, शेवटी राहवतच नाही गं. असं काय संपतं आतलं?" मी कपड्यांच्या घड्या घालत होते. मान वर न करता म्हटलं, "ऑक्सिजन."

ती उठून गेली आणि कपाटाच्या खालच्या खणातून ऑक्सिमीटर घेऊन आली. तो बाबांचा. त्याच्या पाठीचं झाकण कधीचंच तुटलंय, त्यावर चिकटपट्टी आहे, आणि त्या पट्टीच्या कडेला धूळ बसून काळी रेघ झालीय. इतकी वर्षं त्यात सेल तसेच आहेत हे मला माहीतच नव्हतं. तिने तो बोटाला लावला, लाल दिवा लागला, आकडा आला: ९८. मग पुन्हा नाक चिमटीत. मी घड्या सोडून बघायला लागले. दहा सेकंद, वीस, तीस. ९८. पोटाचे हिसके सुरू झाले. ९८. एकेचाळिसाव्या सेकंदाला तिने तोंड उघडलं तेव्हाही तो हिरवा आकडा ढिम्म होता. तिने बोट माझ्या नाकासमोर नाचवलं. "बघ. काहीच संपलं नाही. तू ना, उगाच काहीतरी सांगतेस."

उत्तर चुकलं होतं, आणि ते चुकीचं आहे हे या जगात मला तरी माहीत असायला हवं होतं.

हे यंत्र थोडं उशिरा बोलतं हे खरं. फुफ्फुसातून निघालेलं रक्त बोटाच्या टोकाशी पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे बोट आपल्याला थोडं जुनं वर्तमान सांगत असतं. पण मुद्दा तो नाही. मोठ्या माणसाने ऊर भरून श्वास घेतला तर छातीत पाचएक लिटर हवा मावते आणि निवांत बसलेलं शरीर मिनिटाला साधारण पाव लिटर प्राणवायू खर्च करतं. म्हणजे पाऊण मिनिटात कोठार रिकामं व्हायचा प्रश्नच नाही. तरीही जीव कासावीस होतो, कारण आतली घंटा कोठारावर बांधलेलीच नाही. ती बांधलीय कचऱ्यावर. पेशींनी जाळून उरलेला कार्बन डायऑक्साइड रक्तात साचत जातो, रक्त किंचित आंबट होतं, मेंदूच्या बुडाशी बसलेल्या पेशींना ते लगेच कळतं आणि त्या छातीला हुकूम सोडतात. जॉन स्कॉट हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९०५ साली प्रीस्टली या सहकाऱ्याबरोबर हे दाखवून दिलं. हा गृहस्थ प्रयोगासाठी स्वतःलाच बंद पेटीत कोंडून घेई. आपण 'हवा पुरत नाही' म्हणून तडफडतो तेव्हा बहुतेक वेळा आत हवी तेवढी असते. नको ती बाहेर गेलेली नसते.

शाळेच्या पुस्तकात या सगळ्याचं एकच चित्र होतं. दोन गुलाबी फुफ्फुसं, एक निळा बाण, एक लाल बाण. त्या निळ्या बाणामुळे माझी बरीच वर्षं अशी समजूत होती की अशुद्ध रक्त खरोखर निळं असतं. ते निळं नसतं, काळपट लाल असतं. बाबांच्या मनगटातून काढलेल्या रक्ताची सुई मी पाहिली तेव्हा ते बाणाचं चित्र पहिल्यांदा पुसलं गेलं. पण तिकडे नंतर येते.

चित्रात जे नव्हतं तेच खरं मौजेचं आहे. एका साध्या श्वासात आपण अर्धा लिटर हवा आत घेतो, आणि त्यातली दीडशे मिलीलिटर कधी मुक्कामाला पोहोचतच नाही. नाक, घसा, श्वासनलिका, तिच्या फांद्या, तिथवर जाऊन ती नुसतीच परत येते. दारापर्यंत येऊन बेल न वाजवता माघारी जाणाऱ्या पाहुण्यासारखी. उरलेली साडेतीनशे पोहोचते ती वायुकोशांमध्ये. हे कोश तीसेक कोटी तरी असतात, काही मोजण्यांत त्याहून जास्त भरलेत, आणि सगळ्यांच्या भिंती उलगडून पसरल्या तर सत्तरएक चौरस मीटर होतात. मला हे नेहमी वहीसारखं वाटतं. मिटलेली वही हाताच्या पंजाएवढी असते. तीच पानं सुटी करून पसरली की खोली भरते. छातीच्या पिंजऱ्यात निसर्गाने अशी एक जाडजूड वही कोंबलीय. प्रत्येक पान इतकं पातळ की हवा आणि रक्त यांच्यामधलं अंतर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. आपला एक केस त्याच्या शंभरपट तरी जाड.

त्या पानाच्या एका अंगाला हवा, दुसऱ्या अंगाला केशवाहिनी. केशवाहिनी इतकी अरुंद की तांबड्या पेशीला अंग चोरून, वाकून जावं लागतं. तिला तिथे मिळतो पाऊण सेकंद. आणि खरं सांगायचं तर काम त्याच्या तिसऱ्या हिश्शात उरकतं. पाव सेकंदात प्राणवायू भरून झालेला असतो, उरलेला अर्धा सेकंद ती पेशी नुसतीच सरकत असते. जिना धावत चढताना रक्ताचा वेग वाढतो आणि हा अर्धा सेकंद कामी येतो. इतका सढळ वाव ठेवलाय म्हणूनच आपल्याला आपल्या फुफ्फुसाची आठवण होत नाही. बाबांना ती सतत व्हायची.

एक गोष्ट मात्र मला आजही पटवून घ्यावी लागते. या सगळ्या देवाणघेवाणीत ढकलणारं कुणी नाही. श्वासपटल खाली जातं, हवा आत येते, इथपर्यंत मेहनत आहे. पण त्या पातळ पानापाशी पोहोचल्यावर जे घडतं ते कुणी करत नाही. कोशात प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये साधारण शंभर, आलेल्या रक्तात चाळीस, म्हणून तो इकडून तिकडे जातो. कार्बन डायऑक्साइडचा रक्तात ४६, कोशात ४०. फरक एवढासाच, पण तो प्राणवायूच्या वीसपट सहज पलीकडे झिरपतो, म्हणून त्याचं भागतं. जास्तीकडून कमीकडे, बस. शाळेत या क्रियेला 'विसरण' म्हणायला शिकवलं होतं आणि आम्ही नावाला जागून ते विसरलो. मोठमोठ्यांनाही हे पचलं नव्हतं. कोपनहेगनच्या क्रिस्टियान बोर यांची खात्री होती की फुफ्फुस एखाद्या ग्रंथीसारखं काम करतं, प्राणवायू जोर लावून रक्तात ढकलतं. त्यांचाच मदतनीस ऑगस्ट क्रोग आणि त्याची बायको मारी या दोघांनी बारकाईने दाब मोजले आणि १९१० साली एकापाठोपाठ सात लेख लिहून गुरूंना चूक दाखवली: ढकलाढकलीची गरजच नाही. बोर पुढच्याच वर्षी गेले. हॉल्डेन तर ढकलण्याची कल्पना शेवटपर्यंत सोडायला तयार नव्हते. दोघेही थोर, दोघांच्या नावाने आजही नियम शिकवले जातात, आणि दोघांनाही वाटत होतं की इतकी महत्त्वाची गोष्ट आपोआप कशी घडेल. कुणीतरी जोर लावत असणारच.

मला त्यांचं नवल वाटत नाही. मीही जोर लावलाय.

बाबांना सीओपीडी होता, म्हणजे फुफ्फुसं हळूहळू निकामी करणारा जुनाट आजार. तीस-पस्तीस वर्षांच्या सिगारेटी. ते स्वतः "माझा भाता फाटलाय" एवढंच म्हणायचे, आणि भाता हा शब्द मला डॉक्टरांच्या शब्दापेक्षा कितीतरी बरोबर वाटतो. त्यांच्या वहीतली पानं मधल्या मधे विरली होती, चार छोट्या कोशांच्या भिंती पडून एकच मोठी पोकळी झालेली, त्यामुळे छाती पिंपासारखी फुगलेली आणि आतली कामाची जागा मात्र आटलेली. ते बसायचे ते पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. श्वास सोडताना ओठांचा चंबू, गरम काहीतरी फुंकून गार करावं तसा. लहानपणी मला वाटायचं ती त्यांची लकब आहे. नंतर कळलं की तसं हळूहळू सोडलं की बारीक नळ्या आतल्या आत मिटत नाहीत. कुणी न शिकवता शरीराने शोधून काढलेली ती युक्ती होती. धाप वाढली की त्यांचा श्वास उथळ आणि भराभर व्हायचा, आणि मघाचा तो दीडशेचा हिशेब तेव्हा क्रूर होतो. अडीचशे मिलीलिटरच्या श्वासातले दीडशे दारावरूनच परत जाणार. मेहनत सगळी, हाती उरणार शंभर.

घरात त्यांच्या दमाशी सगळ्यांची बोली झालेली होती. 'दम धर', 'दम खा', 'एका दमात सांगू नकोस'. आम्ही दुसऱ्या कुणाला सहज म्हटलं तरी त्यांच्यासमोर जीभ चावायचो. आणि उसासा. त्यांनी उसासा टाकला की आई आतून विचारायची, "काय झालं?" बिचारीचा दोष नाही; आपल्याकडे उसासा हा दुःखाच्या खात्यात जमा असतो. खरं तर प्रत्येक माणूस नकळत तासातून दहा-बारा वेळा एक दुहेरी, खोल श्वास घेतो. वायुकोशांच्या ओल्या भिंती एकमेकींना चिकटू पाहतात. साबणासारखा एक द्राव त्यांना सैल ठेवतो, तरी काही कोश मिटतातच, आणि तो खोल श्वास त्यांना पुन्हा उघडतो. फार लवकर जन्मलेल्या बाळांकडे हा द्राव पुरेसा नसतो, म्हणून त्यांना प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच जड जातो. मेरी एलन एव्हरी या डॉक्टर बाईंनी १९५९ मध्ये हे उलगडेपर्यंत ती बाळं का जातात ते कळत नव्हतं. पण आईला हे कोण सांगणार? तिच्या "काय झालं?"ला बाबा हात हलवून "काही नाही" म्हणायचे आणि ते अगदी शब्दशः खरं असायचं.

मग तो हिवाळा आला. छातीत संसर्ग, रुग्णालय, नाकात नळी. भिंतीवर ऑक्सिजन किती सुटतोय ते दाखवणारी एक उभी काचेची नळी, तिच्यात तरंगणारी गोळी, खाली पाण्याची बाटली आणि त्यात अखंड गुडगुड. लेक तेव्हा तीन वर्षांची होती आणि आजोबांबद्दल तिला आज आठवतं ते एवढंच: त्यांची बुडबुड्यांची बाटली. सिस्टरांनी बजावलं होतं, "गोळी दोनच्या रेघेवर. हात लावायचा नाही." आणि पडद्यावरचा आकडा ८९. कधी ९०, की परत ८९. मी सबंध आयुष्य पास-नापासाच्या भाषेत विचार केलेली बाई. माझ्या डोळ्यांना तो आकडा टोचत होता. व्हरांड्यात डॉक्टरांना गाठून म्हटलं, ऑक्सिजन कमी आहे, वाढवा ना. ते घाईत होते. "त्यांना एवढाच बरोबर आहे," म्हणाले आणि गेले. मला तो कंजूषपणा वाटला. आमच्या म्हाताऱ्या माणसाला इतपतच पुरे, असं.

रात्री दोन वाजता मी ती चकती फिरवली. गोळी दोनवरून पाचवर गेली.

पुढचा अर्धा तास माझ्या आयुष्यातल्या सर्वांत सुखाच्या अर्ध्या तासांपैकी होता, हे लिहिताना आज लाज वाटते. बाटली उकळल्यासारखी खळखळायला लागली. ९१, ९४, ९६. आणि मग ९८. बाबांची तगमग थांबली. खांदे खाली आले, हात गादीवर सैल पडले, ओठांचा चंबू सुटला. कितीतरी दिवसांनी ते शांत झोपले होते. मी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं, खुर्चीत टेकले आणि मलाही झोप लागली. मी जिंकले होते.

सकाळी ते नीट जागे होईनात. हाक मारली की "हं" म्हणायचे आणि परत आत बुडायचे. तळहात गरम, चेहऱ्यावर नको इतकी लाली. सिस्टरांनी त्यांचे दोन्ही हात समोर धरायला लावले तर पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडले. सिस्टरांची नजर आधी पंजांवर गेली, मग भिंतीवर, मग माझ्यावर. काही न बोलता त्यांनी गोळी खाली आणली. मनगटातून रक्त घेतलं. ते सुईत भरताना मी बघितलं. डॉक्टरांनी विचारलं, "पाचवर किती वेळ होता?" मी म्हटलं, "माहीत नाही."

लेकीला दिलेलं उत्तर चुकीचं होतं. डॉक्टरांना दिलेलं खोटं होतं.

बोटावरचं यंत्र दोन रंगांचा प्रकाश पाठवून एवढंच मोजतं की हिमोग्लोबिनच्या किती जागा प्राणवायूने भरल्यात. जपानमधल्या ताकुओ आओयागी यांनी सत्तरच्या दशकात ही कल्पना काढली, आणि तिने असंख्य जीव वाचवले. पण कार्बन डायऑक्साइड त्याला दिसत नाही. शिवाय नव्वदच्या वर हा आकडा जरा फसवाच असतो. निरोगी माणसाच्या शंभर मिलीलिटर रक्तात ९० टक्क्यांना १८ मिलीलिटर प्राणवायू असेल तर ९८ टक्क्यांना साडेएकोणीसच्या किंचित वर. रात्रभर खुर्चीत बसून मी बाबांसाठी जो खजिना लुटून आणला तो एवढा. म्हणून अशा जुन्या रुग्णांना ८८ ते ९२ च्या मध्ये ठेवतात. ते नापासाचे मार्क नव्हते, ती त्यांची जागा होती.

आणि बदल्यात काय गेलं? शरीराने वर्षानुवर्षं एक व्यवस्था लावलेली असते. ज्या कोशांत हवा धड खेळत नाही तिकडच्या रक्तवाहिन्या ते आवळून ठेवतं, रक्त चांगल्या कोशांकडे वळवतं. मी वरून प्राणवायूचा पूर सोडला आणि त्या आवळलेल्या वाटा सैल झाल्या. रक्त पुन्हा कोंदट खोल्यांतून फिरायला लागलं आणि आपला कचरा न टाकता परत यायला लागलं. दुसरं म्हणजे हिमोग्लोबिनचा स्वभाव. प्राणवायूने हात भरले की ते कार्बन डायऑक्साइड सोडून देतं. हाच तो हॉल्डेन यांच्या नावाचा नियम. धडधाकट माणसाच्या फुफ्फुसात तो वरदान आहे, सुटलेला वायू पुढच्याच श्वासात बाहेर जातो. फाटलेल्या भात्याला ते जमत नाही, तो रक्तातच साचतो. श्वासाची तळमळही थोडी निवते. साचत साचत तो मेंदूला गुंगी आणतो. मी जिला झोप समजले ती झोप नव्हती.

दोन दिवस त्यांच्या तोंडावर घट्ट मुखवटा बांधून यंत्राने भाता हलवला. बायपॅप म्हणतात त्याला. नाकाच्या दांड्यावर जखम झाली, तिचा वण राहिला. ते घरी आले, आणखी चौदा महिने राहिले. भेटायला येणाऱ्यांना रुग्णालयाच्या गोष्टी रंगवून सांगायचे, आणि त्यात एक वाक्य हमखास यायचं: "पण एका रात्री काय झोप लागली होती! इतक्या वर्षांत तशी नाही." ते वाक्य जवळ आलं की मी काहीतरी निमित्त काढून उठायची. मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते हसले असते, हेही मला माहीत होतं, आणि बहुधा म्हणूनच सांगितलं नाही.

रविवारी रात्री अंथरुणात पडल्यावर मी लेकीला म्हटलं, "दुपारचं माझं चुकलं. संपत काही नाही. साचतं." तिला नीट सगळं सांगितलं, कचरा, घंटा, पोटाचे हिसके. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे आधीच भराभर फुंकून सगळं बाहेर टाकलं, तर मी दोन मिनिटं पण धरू शकेन?" मी ताडकन उठून बसले. हीच युक्ती करून चांगले पोहणारे पाण्यात जातात. कचरा धुतला गेलेला, घंटा वाजत नाही, प्राणवायू मात्र खरोखर संपत येतो, आणि गुदमरल्याची जाणीवही न होता माणूस पाण्याखाली बेशुद्ध होतो. घाबरवावं इतक्या स्पष्ट शब्दांत तिला सांगितलं आणि शपथ घ्यायला लावली. तिने घेतली. मग अंधारात जरा वेळाने, "आजोबांचं साचलेलं कोण मोजायचं?"

"डॉक्टर. मनगटातून रक्त काढून."

"आणि तू?"

"मी आकडा बघत बसायचे."

"तो किती होता?"

खरं तर बऱ्याच आकड्यांपैकी कुठलाही सांगता आला असता.

"एकदा ९८ होता," मी म्हटलं.

"म्हणजे माझ्याएवढाच!" ती खूश झाली, आणि कुशीवर वळली.